सिमकोच्या बर्फातली गरी: व्हाइटफिश आणि ट्राउटसाठी पहिल्या हिवाळ्याची तयारी

टोरोंटोहून उत्तरेकडे गाडी काढली की सव्वा तासात लेक सिमको लागतं. क्षेत्रफळ ७२२ चौरस किलोमीटर, म्हणजे सगळी बृहन्मुंबई त्यात मावेल आणि वर पाणी उरेल. कडक थंडी पडली की जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत या पाण्यावरून माणसं चालतात, स्नोमोबाइल धावतात आणि लाकडी खोपट्यांच्या वाड्याच्या वाड्या उभ्या राहतात. त्या खोपट्यांत, पायाखालच्या भोकाकडे नजर लावून बसणाऱ्यांपैकी मी एक. गेली चौदा वर्षं.

माझं लहानपण देवगडच्या बाजूला गेलं. जेटीवर बसून गरवायचं वेड तिथलं. ब्रॅम्प्टनला आल्यावर पहिले दोन हिवाळे खिडकीतून बर्फ बघण्यात गेले. तिसऱ्या वर्षी कामावरचा एक सहकारी मला सिमकोवर घेऊन गेला. सकाळी सातला गरी सोडली, दुपारी दोनपर्यंत काहीच नाही, आणि मग दोरीला असा काही हलका स्पर्श झाला की मला तो भासच वाटला. वर आला तो पावणेदोन किलोचा व्हाइटफिश. त्या दिवसापासून हिवाळा माझ्यासाठी वाट पाहण्याचा ऋतू झाला.

आता ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टनमध्ये मराठी घरं खूप झाली आहेत आणि दर डिसेंबरात कोणी ना कोणी विचारतं, "काका, आम्हालाही यायचंय, काय काय घ्यायचं?" माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: सामानाच्या दुकानात आत्ताच जाऊ नका. पहिल्या हिवाळ्यात मासा हाताला लागला नाही तरी चालेल, पण बर्फ कसा ओळखायचा आणि तळाशी काय चाललंय हे कसं जाणायचं, एवढं यायला हवं. बाकी सगळं त्यामागून येतं.

खाली कोण आहे

सिमकोच्या खोल पाण्यात हिवाळ्यात दोन मोठे मासे मिळतात. लेक व्हाइटफिश चांदीसारखा लखलखीत, डोकं लहान, नाक पुढे आलेलं आणि तोंड त्याच्या खाली. तोंडाची ही ठेवण नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे. हा मासा तळ चरतो; चिखलातल्या अळ्या, शिंपल्या, लहान मासे हे त्याचं खाणं. इथले मूळ रहिवासी, म्हणजे अनिशिनाबे लोक, त्याला अदिकमेग म्हणतात. सिमको आणि कुचिचिंग या दोन तळ्यांना जोडणाऱ्या अॅथर्ली नॅरोजच्या चिंचोळ्या पाण्यात लाकडी खुंट रोवून केलेले मासे अडवायचे बांध आहेत, सुमारे ५००० वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे खाडीत खुंट मारून जाळी लावतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती रचना पाहताक्षणी कळेल.

दुसरा लेक ट्राउट. गडद अंगावर फिकट ठिपके, शेपटीला खोल खाच, खालच्या परांना पांढरी किनार. हा शिकारी आहे, पाठलाग करतो. उन्हाळ्यात तो थंडाव्यासाठी खोल जातो. हिवाळ्यात बर्फाखाली वर शून्याच्या जवळचं आणि तळाशी साधारण ४ अंशांचं पाणी असतं, म्हणजे सगळीकडे त्याला सोसेल असंच. त्यामुळे तो तळाशीही सापडतो आणि बर्फाच्या दोन वाव खालीही.

तिसरा एक आहे, लेक हेरिंग. व्हाइटफिशसारखाच चंदेरी, म्हणून नवखा फसतो. फरक तोंडात: हेरिंगचा खालचा जबडा पुढे येतो, व्हाइटफिशचं तोंड खाली दबलेलं असतं. दोघांपैकी किती मासे ठेवायचे याची मर्यादा वेगळी असल्यामुळे हा फरक ओळखणं तुमची जबाबदारी आहे. सिमकोवर हेरिंग धरायला २००१ पासून बंदी होती, ती २०१५ मध्ये उठली. जपून वापरायची चीज आहे ती.

परवाना आधी

ओंटारियोत, म्हणजे टोरोंटो-सिमकोच्या या प्रांतात, १८ ते ६४ वयाच्या माणसाला आउटडोअर्स कार्ड, म्हणजे सरकारी ओळखपत्र, आणि मासेमारीचा परवाना दोन्ही लागतात. परवाना दोन प्रकारचा, स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. दुसरा स्वस्त, पण मासे कमी ठेवता येतात. सिमकोवर व्हाइटफिशसाठी स्पोर्ट परवान्यावर दोन आणि कॉन्झर्वेशनवर एक अशी मर्यादा आहे, ट्राउटसाठीही तेवढीच. दोन्हींचा हिवाळी हंगाम १ जानेवारी ते १५ मार्च. नियम बदलतात, म्हणून दरवर्षी सरकारी पुस्तिकेत 'झोन १६', म्हणजे सिमको ज्यात येतं तो मासेमारीचा विभाग, काढून सिमकोचा वेगळा परिच्छेद वाचायचा. झोनचा सर्वसाधारण तक्ता आणि सिमकोचे अपवाद यांत बराच फरक असतो आणि दंड होतो तो याच गल्लतीमुळे.

आपल्या लोकांची दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांची. निवासी दराचा परवाना घ्यायचा तर त्याआधीच्या १२ महिन्यांत सलग सहा महिने इथे राहिलेलं असावं लागतं. सप्टेंबरात आलेल्या मुलाने जानेवारीत बाहेरच्या माणसाचा परवाना घ्यायचा. दुसरी चूक आई-बाबांची, म्हणजे त्यांना घेऊन जाणाऱ्या आपली. ६५ वर्षांवरच्यांना परवाना लागत नाही हे खरं, पण ती सूट कॅनडात राहणाऱ्यांना. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सत्तर वर्षांच्या बाबांनी हातात काठी धरली तर त्यांना परवाना हवा. एका दिवसाचा मिळतो, त्याला कार्ड लागत नाही. तो काढा आणि बाबांना मजेत बसू द्या.

कॅनडात राहणाऱ्यांसाठी फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या शनिवार-रविवार-सोमवारी ओंटारियोत परवान्याशिवाय मासेमारी करता येते, मात्र कॉन्झर्वेशन परवान्याच्या मर्यादेत. घरातल्या सगळ्यांनी एकदा चाखून बघायला याहून चांगली वेळ नाही.

पहिली खेप भाड्याच्या खोपटात

जॅक्सन्स पॉइंट, बीव्हर्टन, इनिसफिल, बॅरी या काठांवर हट भाड्याने देणारे आहेत. ते तुम्हाला स्नोमोबाइलमागच्या गाडीतून किंवा पट्ट्यांवर चालणाऱ्या जुन्या बॉम्बार्डियरमधून खोपटापर्यंत नेतात. आत बाकडं, शेगडी, जमिनीत आधीच पाडलेली भोकं. दोरी आणि आमिष बहुतेक तेच देतात. सकाळी सातच्या सुमारास नेतात, दुपारी तीन-चारला आणतात.

फोन करताना तीन गोष्टी विचारा. खोपटं आज किती फूट पाण्यावर आहेत? कारण वीस-पंचवीस फुटांवर पर्च मिळतो, व्हाइटफिश-ट्राउट नाही. त्यांच्यासाठी साठ फुटांच्या पुढे खोली हवी. बर्फ किती आहे? आणि शौचालयाची सोय काय? हे विचारायला बायका संकोचतात आणि पुरुष विसरतात, मग दिवसभर पाणी न पिता बसून डोकं धरतं. काही ठिकाणी जवळच फिरतं शौचालय असतं, काही ठिकाणी फक्त बादली. मुलं बरोबर असतील तर याच प्रश्नावर जागा ठरवा.

असा धंदा करणारी माणसं रोज पहाटे बर्फ तपासतात, हे या भाड्यातलं सगळ्यात मोलाचं. त्यांनी "आज नाही" म्हटलं तर हुज्जत घालू नका. २०२३-२४ चा हिवाळा इतका सौम्य गेला की तळ्याचा मोठा भाग नीट गोठलाच नाही. आम्ही सगळ्यांनी तो हंगाम घरी काढला.

बर्फ वाचायला शिकणे

दोन-तीन खेपा हटमध्ये झाल्या की स्वतः चालत जायची ओढ लागते. तेव्हा हातात पहिली वस्तू पाहिजे ती पहार. इथल्या दुकानात बर्फासाठीची मिळते, टोकाला छिन्नीसारखी धार असलेली. दर दोन पावलांवर समोर जोरात मारायची. आवाज टणक आला आणि पहार उसळली तर पुढे. पहार आत रुतली किंवा पाणी वर आलं तर आलात त्याच पावलांवरून मागे.

चालायला स्वच्छ, निळसर, काचेसारखा बर्फ किमान १० सेंटीमीटर हवा, असं सर्वसाधारणपणे सांगतात. कॅनेडियन रेड क्रॉस १५ सांगते. मी १५ धरतो आणि नव्या माणसालाही तेच सांगतो. स्नोमोबाइलला २० ते २५. गाडी मी बर्फावर नेत नाही, तुम्हीही नेऊ नका. हे आकडे निळ्या बर्फाचे. पांढरा, दुधट बर्फ म्हणजे भिजलेला हिम गोठून झालेला. त्याची ताकद निम्मी, म्हणून जाडी दुप्पट लागते. करडा दिसला तर त्यात पाणी आहे, त्यावर पाय नको. पंधरा सेंटीमीटर किती हे डोळ्यांना कळत नाही. भोक पाडा, मोजपट्टीचं आकड्यासारखं वळलेलं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि मोजा. शंभर पावलांनी परत मोजा. एकाच तळ्यात जाडी सगळीकडे सारखी नसते: कुक्स बे उथळ, तो आधी गोठतो, बॅरीपुढचा केम्पनफेल्ट बे ४० मीटरपर्यंत खोल, तो शेवटी. नदी-ओढ्यांची तोंडं, पुलांखालचा भाग, जेटीच्या आसपास वाहत्या पाण्यामुळे बर्फ पातळच राहतो.

मग भेगा. एवढ्या मोठ्या तळ्यावर बर्फाचे थाळे एकमेकांना रेटतात, कुठे उंचवटा येतो, कुठे फट पडते. सकाळी पाऊलभर असलेली फट वाऱ्याने दुपारी दोन हात होऊ शकते. निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघा. काठाकडून आत वाहणारा जोराचा वारा असेल, विशेषतः हंगामाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, तर तो दिवस सोडा.

आवाजाबद्दल आधीच सांगतो. भाचा नुकताच शिकायला आला होता, त्याला घेऊन गेलो. पहाटेचा अंधार, उणे अठरा, आणि आमच्या पायाखालून एक लांबलचक घुमारा गेला, कोणीतरी दूर लोखंडी पत्रा वाकवावा तसा. पोरगं माझा हात धरून म्हणालं, "मामा, फुटतंय!" फुटत नव्हतं. थंडी-ऊन बदललं की बर्फ आक्रसतो, पसरतो, त्यात बारीक चिरा जातात आणि तो आवाज मैलभर घुमतो. कडक थंडीत जाड बर्फही असाच बोलतो. म्हणून निर्णय कानावर ठेवू नका, पहारीवर आणि मोजपट्टीवर ठेवा.

गळ्यात बर्फाचे टोचे हवेत: दोन लाकडी मुठी, टोकाला खिळे, दोरीने बांधलेले. खिशात ठेवले तर गरजेच्या वेळी निघत नाहीत. बरोबर पंधरा-वीस मीटर दोर आणि शिट्टी. अंगात तरंगणारा सूट असेल तर उत्तम. माझ्या मते पहिली मोठी खरेदी तीच, काठी नंतर.

पाण्यात पडलाच तर काय? मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा हिशोब इथे पोरासोरांना शिकवतात: एक-दहा-एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं. धाप लागते, ती ओसरते, तोवर फक्त तोंड वर ठेवा. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला तास लागतो. म्हणजे घाबरून पहिलं मिनिट घालवायचं नाही आणि ती दहा मिनिटं वाया जाऊ द्यायची नाहीत. आलात त्याच दिशेला तोंड करा, कारण त्या बर्फाने तुम्हाला आत्तापर्यंत तोललं आहे. टोचे रोवा, पाय मागे पोहल्यासारखे जोरात मारा, पोटावर सरकत बाहेर या. बाहेर आल्यावर उभं राहू नका, लोळत दूर जा.

थंडी आणि शेगडी

कपड्यांचं थोडक्यात: अंगाला लागून लोकरीचे किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. बूट एक माप मोठे घ्या. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा, नाहीतर बर्फावर मनगट मोडतं. थर्मॉसमध्ये चहा, आणि फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटेवडे शेगडीशेजारी ठेवले की दहाच्या सुमारास ताज्यासारखे लागतात.

शेगडीवर मात्र जास्त बोलायला हवं. माझ्या छोट्या तंबूत एकदा वारा आत येतो म्हणून मी वरचे झरोके बंद केले. अर्ध्या तासाने भाचा म्हणाला, "मामा, डोकं जड झालंय." मला वाटलं झोप झाली नसेल. मग माझंही डोकं ठणकायला लागलं आणि लख्ख कळलं. चेन ओढून दोघे बाहेर पडलो, पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत बसून राहिलो. प्रोपेन जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तेव्हापासून वर एक आणि खाली एक असे दोन झरोके कितीही थंडी असली तरी उघडे असतात आणि बॅटरीवरचा अलार्म तंबूत टांगलेला असतो. भाड्याच्या खोपटातही अलार्म आहे का विचारा, नसेल तर आपला न्या.

सामान, मोजकंच

बर्फातली काठी आखूड असते, अडीच ते तीन फूट, कारण तुम्ही भोकाच्या डोक्यावरच बसता. टोक नाजूक पण कंबर ताठ, अशी मध्यम ताकदीची घ्या. साधं स्पिनिंग रील. दहा पौंडांची विणलेली दोरी आणि तिच्या टोकाला सहा-आठ पौंडांची फ्लोरोकार्बनची दोन-तीन हात दोरी. विणलेली दोरी ताणत नाही, त्यामुळे सत्तर फुटांवरचा हलका चावा हातापर्यंत पोचतो. फ्लोरोकार्बन पाण्यात दिसत नाही. सिमकोचं पाणी फार नितळ आहे.

भोकासाठी ऑगर, आठ इंची. हाताने फिरवायचा चालतो, पण पाती धारदार हवीत. बोथट पात्याने एक फूट बर्फ कापणं म्हणजे खांद्याची कसरत. आणि झारा. हो, झाराच. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला इथे खास मिळतो, पण माझ्याकडे पहिली पाच वर्षं बुंदीचा जुना झारा होता, त्याने काम उत्तम झालं.

कापडी तंबू ७ चौरस मीटरपर्यंतचा असेल तर नोंदणी लागत नाही. त्याहून मोठा तंबू किंवा लाकडी खोपट असेल तर सरकारकडून नंबर घेऊन ठळक लिहावा लागतो आणि १५ मार्चच्या आत ते बर्फावरून हलवावं लागतं.

फ्लॅशर, म्हणजे गोल तबकडीवर तळ, तुमची गरी आणि मासा रंगीत रेघांनी दाखवणारा छोटा सोनार. महाग आहे. पहिल्या वर्षी नको, दुसऱ्या वर्षी मात्र घ्याच, कारण ट्राउटसाठी त्याने चित्रच पालटतं.

आमिषाचे नियम कडक आहेत. बारीक चंदेरी शायनर मासे जिवंत किंवा मेलेले लावतात. ओंटारियोत आमिषाचे विभाग पाडलेले आहेत. एका विभागातलं आमिष, जिवंत असो वा मेलेलं, दुसऱ्यात न्यायची बंदी आहे. तळ्याजवळच्या दुकानातूनच घ्या, पावती जपून ठेवा, दोन आठवड्यांत वापरा. उरलेलं पाण्यात किंवा भोकात टाकायचं नाही, काठापासून ३० मीटरच्या पलीकडे किंवा घरी कचऱ्यात. रोग आणि परक्या जाती एका तळ्यातून दुसऱ्यात अशाच पोचतात.

गरी खाली सोडल्यावर

बर्फावर एका माणसाला दोन गऱ्या लावता येतात, पण दोन्ही नजरेसमोर आणि ६० मीटरच्या आत हव्यात. माझी पद्धत अशी: एक गरी स्थिर, शायनर लावून तळापासून वीतभर वर. दुसरी हातात.

व्हाइटफिशसाठी साठ ते ऐंशी फूट पाणी शोधा, म्हणजे दहा-तेरा वाव. फ्लॅशर नसेल तर जड शिसं बांधून खोली मोजा, जेटीवर मोजायचो तशीच, वाव-वाव. तळ कठीण की मऊ हेही शिसं सांगतं: टक् असा ठोका लागला तर खडक-वाळू, काही न लागता दोरी नुसती सैल पडली तर चिखल. जिथे चिखल संपून वाळू सुरू होते, ती कड मला सगळ्यात आवडते.

आता जिग, म्हणजे शिसाचं डोकं बसवलेला गळ. गोलसर शिसाच्या डोक्याची, तळाशी आडवी बसणारी छोटी जिग घ्या, पाव औंसाच्या आसपासची. ती तळाला टेकवा आणि चार-पाच वेळा हलकेच आपटा. चिखलाचा एक छोटा ढग उठतो. व्हाइटफिशला वाटतं कोणीतरी दुसरा चरतोय किंवा एखादी अळी बिळातून निघाली. मग जिग चार बोटं उचला आणि थांबवा. पूर्ण थांबवा. मनात वीस मोजा. पुन्हा आपटा, उचला, थांबा. नवखा माणूस सतत हलवत राहतो, कारण रिकामं बसवत नाही. व्हाइटफिश घेतो तो थांबलेली जिग.

आणि चावा ओढीचा नसतो, हे तर दहादा सांगावं लागतं. त्याचं तोंड खाली, तो डोकं खाली करून जिग टिपतो आणि पुन्हा सरळ होताना ती वर उचलतो. म्हणजे काठीचं टोक खाली जायच्या ऐवजी वर येतं, दोरी केसभर सैल पडते. टोकाकडे बघत बसा. शिसाच्या वजनाने किंचित वाकलेलं टोक अचानक सरळ झालं, की झटका नको, मनगट वर. त्याचं तोंड नाजूक असतं. जोरात हिसकलं की फाटतं आणि मासा जातो. माझा पहिला गेला तो असाच, भोकाच्या तोंडाशी येऊन. वर आणताना दोरी एकसारखी ताणलेली ठेवा, तो गोल गोल फिरतो, त्याला फिरू द्या. भोकाशी डोकं आलं की हात कल्ल्याखाली घालून एका दमात वर.

सकाळी उजाडल्यापासून दीड-दोन तास सर्वात चांगले. मधे तास-दोन तास काहीच होत नाही. तेव्हा वीसेक पावलांवर दुसरं भोक पाडून बघा. कळप चरत चरत सरकतो.

ट्राउटचा स्वभाव नेमका उलटा. पांढरी, तीन-चार इंची रबरी ट्यूब जिग किंवा लांबट चमकता स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष, घ्या. तळापासून सुरू करून हळूहळू अर्ध्या पाण्यापर्यंत वर आणा, पुन्हा सोडा. फ्लॅशरवर खालून एक जाड रेघ तुमच्या गरीकडे चढू लागली की थांबू नका. थांबलात तर तो जवळ येतो, निरखतो आणि वळतो. जिग वर ओढा, भराभर रील फिरवा. शिकार पळतेय असं वाटलं की तो झेपावतो. कधी तळाच्या सत्तर फुटांवरून पाठलाग सुरू करून बर्फाखाली दहा फुटांवर घेतो. त्या अर्ध्या मिनिटात थंडी कुठे जाते कळत नाही.

लागलेला ट्राउट वर येताना भोकातून आधी बुडबुडे येतात, सोडा उघडल्यासारखे. खोलातून वर येताना तो पोटातल्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडतो. त्यामुळेच तो बऱ्याच खोलीवरून आला तरी परत सोडला तर जगू शकतो, आणि म्हणूनच सोडायचा असेल तर घाई करा. उणे पंधरात त्याला बर्फावर ठेवून फोटो काढत बसलात तर डोळे आणि कल्ले गोठतात. हातमोजा काढा, हात ओला करा, शक्यतो भोकाच्या पाण्यातच गळ काढा, डोकं खाली करून सोडा. मोठी मादी लागली तर मी सोडतोच. ट्राउट सावकाश वाढतो. तेवढी व्हायला तिला कितीतरी वर्षं लागलेली असतात.

घरी

तळ्यावर मासा कापू नका. किती आणि कुठले मासे आहेत हे तपासनीसाला दिसलं पाहिजे, म्हणून अख्खे आणा. तुकडे करून कुठे न्यायचेच असतील तर ओळख पटेल एवढी कातडी ठेवा. बर्फावर बाहेर ठेवलेला मासा दगडासारखा गोठतो आणि घरी वितळून पुन्हा फ्रीजरमध्ये गेला की मांस भुसभुशीत होतं. त्यापेक्षा डब्यात हिम भरून त्यात ठेवा, थंड राहतो, गोठत नाही.

किती खायचा हेही बघा. ओंटारियो सरकार तळं, जात आणि माशाची लांबी यांनुसार महिन्यात किती वेळा खावा याचा तक्ता देतं. मोठ्या ट्राउटमध्ये पारा आणि इतर विषारी द्रव्यं जास्त साठलेली असतात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तक्त्यात वेगळा रकाना आहे. आमच्या घरात मध्यम आकाराचेच ठेवतो.

व्हाइटफिशचं मांस पांढरं, गोडसर. खवले काढून, मधल्या बारीक काट्यांची रांग चिमट्याने उपटून, आगळ, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवायचं आणि बारीक रव्यात घोळवून तव्यावर. सुरमईची आठवण काढणाऱ्यांनीही दुसरा तुकडा मागून घेतलाय. ट्राउट तेलकट, त्याला तेल सुटतं. त्याचं आमच्याकडे तिखलं होतं, तिरफळं घालून, घट्ट.

कापण्याआधी मात्र एक काम मी मुलांना देतो. मासा बेसिनमध्ये ठेवून त्याचे पर मोजायचे. शेतांतून आणि गावांतून आलेल्या फॉस्फरसमुळे सिमकोत शेवाळ माजलं, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपला आणि ट्राउट-व्हाइटफिशची पिल्लं जगेनाशी झाली. तेव्हापासून हे मासे हॅचरीत वाढवून तळ्यात सोडतात, आणि सोडताना ओळखीसाठी एखादा पर कातरतात, बहुतेक पोटाखालचा किंवा पाठीमागचा तो छोटा मांसल. तळं सुधारावं म्हणून २००८ मध्ये प्रांताने खास कायदा केला. म्हणून ज्याचा एकही पर कातरलेला नाही तो मासा बहुधा याच तळ्याच्या तळावर, दगडांच्या फटीत, जन्मलेला असतो.

गेल्या फेब्रुवारीत धाकटीने एका ट्राउटचे पर बोटाने दोन-दोनदा मोजले, पाठीमागचा तो इवलासा पर चिमटीत धरून पाहिला आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, सगळे आहेत!"